चैत्रांगणाचे छाप घरच्या घरी

चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर पाळण्यात बसते आणि वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत घरी राहते. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि हळदीकुंकू हे सगळं या महिन्यात होतं. त्याच महिन्यात अंगणात किंवा देवापुढे जी रांगोळी काढतात, ती चैत्रांगण. एरवीच्या रांगोळीत ठिपके जोडायचे असतात किंवा वेलबुट्टी असते. चैत्रांगण मात्र चिन्हांचं असतं. वर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली पाळण्यातली गौर, दोन बाजूंना सूर्य-चंद्र, खाली शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मं, लक्ष्मीची पावलं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, नारळ-केळीची झाडं आणि सौभाग्याचे फणी-करंडा-आरसा. घराघरातली यादी थोडी वेगळी असते, आणि तिची गंमत त्यातच आहे.

एवढी चिन्हं महिनाभर रोज काढायला वेळ लागतो, आणि चिमटीतून बारीक धार सोडायचा सराव आता फार थोड्या हातांना उरलाय. म्हणून छाप हवेत, म्हणजे चिन्हाच्या रेषा कापून काढलेले पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे: जमिनीवर ठेवून फटींतून रांगोळी सोडली की चिन्ह उमटतं. विकतच्या छापांमध्ये एक अडचण आहे: त्यांच्यात सगळ्यांच्या घरचं कासव एकच असतं. तुमच्या सासूबाई कासवाला उजवीकडे वळलेली मान काढत असतील, मावशी गदेला वर दोन ठिपके देत असेल, ते त्यात कुठून येणार? घरी केलेल्या छापात ते येतं. त्यासाठी फार मोठं कसब लागत नाही. थोडी चिकाटी, एक चांगलं कटर आणि आधी नीट केलेला विचार पुरतो.

कापून छाप करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. कागदाला अगरबत्तीने भोकं पाडून केलेला ठिपक्यांचा कागद कितीतरी घरांत फडताळात गुंडाळलेला सापडेल. आपण तेच काम ठिपक्यांवरून रेषेवर नेतोय.

आधी रेषा मिळवा

इंटरनेटवरचं चित्र छापून त्यावरून सुरुवात करू नका. घरातल्या ज्या बाईचं चैत्रांगण तुम्हाला आवडतं, तिच्याकडून चिन्हं काढून घ्या. आणि पेन्सिलीने नको, रांगोळीनेच. जिचा हात चिमटीला सरावलाय, तिला पेन्सिल दिली की रेषा अवघडते आणि चिन्ह भलतंच होतं. काळी कार्डशीट जमिनीवर पसरा, शेजारी १५ सेंटीमीटरची पट्टी ठेवा आणि तिला एकेक चिन्ह सुटं काढू द्या. मोबाईल अगदी वरून, जमिनीला समांतर धरून फोटो घ्या. पट्टी फोटोत असल्यामुळे प्रिंट काढताना माप हरवत नाही: प्रिंटमधली पट्टी मोजा, १५ सेंटीमीटर भरली की चिन्ह मूळ आकाराचं आलं.

ती काढत असताना एक गोष्ट लक्ष देऊन पाहा: हात कुठे उचलला जातो? स्वस्तिकाची कुठली रेघ आधी, वृंदावनाच्या कोपऱ्यावर धार थांबते का, नागाचं अंग एका दमात होतं की मध्ये तुटतं? जमलं तर व्हिडिओही घ्या. या उचलण्याच्या जागा पुढे फार उपयोगी पडतात.

आई किंवा आजी आता नसेल, तर जुन्या फोटोंच्या कोपऱ्यात चैत्रांगण सापडतं. हळदीकुंकवाच्या फोटोत पाहुण्यांच्या पायाशी ते हमखास असतं.

छाप किती मोठा, कशाचा

पूर्ण चैत्रांगणाचा एकच मोठा छाप करायचा मोह होतो. तो टाळा. दोन फुटांचा कागद रांगोळी न हलवता उचलणं एका माणसाला जमत नाही, आणि एक चिन्ह बिघडलं की सगळंच बाद होतं. प्रत्येक चिन्हाचा वेगळा छाप करा. चिन्ह ८ ते १० सेंटीमीटरचं, त्याभोवती चारही बाजूंना निदान ४ सेंटीमीटर कोरा काठ. फ्लॅटच्या दारापुढच्या जागेतही मग मांडणी आपल्याला हवी तशी करता येते.

सामान साधं आहे. पहिल्या प्रयत्नासाठी ऑफिस फाइलचा पुठ्ठा उत्तम. तो स्वस्त असतो, सुरी त्यात नीट चालते आणि चुकला तर वाईट वाटत नाही. कापण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद पॅकिंग टेप सुरकुती न पाडता चिकटवला, की तो ओल्या फडक्याने पुसता येतो आणि कडा फुगत नाहीत. वर्षानुवर्षं टिकणारे छाप हवे असतील तर प्लॅस्टिक घ्या. ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक प्लॅस्टिकची शीट) मिळते, पण ती पातळ असते आणि तिचे अरुंद भाग वर उचलले जातात. जुनी एक्स-रे फिल्म तिच्याहून ताठ आणि जमिनीला छान चिकटून बसणारी. माझी पसंती तिलाच. मात्र ज्यांचे रिपोर्ट पुढे लागू शकतात, त्यांच्या फिल्मना हात लावू नका.

याशिवाय लागेल ते असं: पात्याचे तुकडे मोडता येणारं बारीक कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट (नसेल तर जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर), कार्बन पेपर, बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर, कागदाला भोक पाडायचा पंच, चहाची गाळणी आणि एक मऊ रुंद ब्रश.

पूल: सगळा छाप यावर उभा

छापाचं एकच अवघड तत्त्व आहे. बंद आकाराची पूर्ण रेषा कापली की तिच्या आतला कागद निखळून पडतो. सूर्याचं वर्तुळ गोल कापलंत तर रेषा मिळणार नाही, मोठं भोक मिळेल. आतला भाग जागेवर राहण्यासाठी रेषेत मध्येमध्ये न कापलेली अरुंद पट्टी सोडावी लागते. तिला आपण पूल म्हणू.

पुठ्ठ्यात पूल ४ मिलिमीटरचा ठेवा, फिल्ममध्ये ३ चालतो. कापायची रेषाही ३ ते ४ मिलिमीटर रुंद हवी. तिच्याहून अरुंद फटीत रांगोळी अडकते आणि धार तुटक येते. जास्त रुंद केली तर चिमटीच्या रेषेचा नाजूकपणा जातो. दोन कापलेल्या फटींमध्ये किमान ५ मिलिमीटर कागद राहू द्या. लांब रेषेला बंद आकार नसला तरी दर ४-५ सेंटीमीटरवर एक पूल द्या, नाहीतर कागदाची लांब जीभ तयार होते आणि छाप उचलताना तीच रांगोळी फरफटवते.

पूल कुठे टाकायचे? बहुतेक लोक मोजून समान अंतरावर टाकतात, आणि मग ते चिन्ह यंत्रातून निघाल्यासारखं दिसतं. तुम्ही मघाशी पाहिलेल्या, हात उचलला जातो त्या जागा इथे वापरा. पूल तिथेच टाका. हाताच्या रांगोळीत त्या ठिकाणी एरवीही रेषा किंचित तुटते किंवा जाड होते, त्यामुळे फट डोळ्याला खुपत नाही. आणि छाप उचलल्यावर ती फट चिमटीने भरायची झाली, तर हात आपोआप बरोबर दिशेने जातो. घरच्या बाईची रेषा छापात शिल्लक राहते ती मुख्यतः या निर्णयामुळे.

हे सगळं कागदावर ठरवा. प्रिंटवर काळ्या पेनाने रेषा जाड करा, पुलांच्या जागी लाल खूण करा आणि मग प्रत्येक आकाराकडे पाहून विचारा: हा तुकडा कशाला धरून आहे? उत्तर मिळत नसेल तिथे पूल कमी आहे.

एकेक चिन्ह

*गोपद्म* सुरुवातीला घ्या. गाईच्या खुराचे दोन थेंबासारखे आकार, शेजारी शेजारी. ते पूर्ण भरीव कापायचे असल्यामुळे पुलाचा प्रश्नच येत नाही, आणि वळणावर सुरी फिरवायचा सराव होतो. दोन थेंबांमधली पट्टी तेवढी ५ मिलिमीटरची राहू द्या.

*लक्ष्मीची पावलं* त्यानंतर. इंग्रजी एससारखं वळण आणि वर पाच बोटांचे ठिपके. वळणाला मध्ये एक पूल पुरे. बोटांसाठी पंच वापरा, पण अंगठ्याचं भोक कटरने थोडं मोठं करा. इथे एक फायदा आहे: छाप पालथा घातला की दुसरं पाऊल मिळतं. एकाच छापात डावं-उजवं दोन्ही होतं. पालथा घालण्याआधी वरची बाजू ब्रशने झाडायला विसरू नका.

*स्वस्तिक* दिसायला सोपं, पण त्याची बाजू सांभाळायची. ते पालथं पडलं तर उलटं उमटतं. म्हणून छाप कापायच्या आधीच कोपऱ्यात मार्करने ‘वर’ असं लिहा आणि बाण काढा. शंख आणि घरच्या वळणाने मान काढलेलं कासव यांनाही हाच नियम. स्वस्तिकाच्या भुजा सलग कापता येतात, पण मध्ये चारही कोपरे एका बिंदूपाशी लोंबकळतात. फुलीच्या मध्यापासून थोड्या अंतरावर प्रत्येक भुजेवर एक पूल द्या. छाप ताठ राहील. चार ठिपके पंचने.

*सूर्य* करताना वर्तुळाचे चार तुकडे करा आणि पूल तिरप्या दिशांना ठेवा. वर-खाली-डावी-उजवीकडे ठेवले तर बंदुकीच्या दुर्बिणीतल्या खुणेसारखं चित्र दिसतं. किरणं सुटी कापा, वर्तुळाला जोडू नका. *चंद्रकोर* भरीव कापली की झालं.

*तुळशीवृंदावन* म्हणजे चौकटीत चौकट. पूल कोपऱ्यांवर टाका. चार सुट्या सरळ रेघा दिसल्या तरी डोळा चौकोन पुरा करतो, आणि रेघेच्या मध्यावर पूल टाकला तर वृंदावन तडकल्यासारखं वाटतं. वरची तुळस काही पानांची ठेवा. प्रत्येक पान सुटा थेंब.

*कासव* हे खरं परीक्षेचं चिन्ह. पाठीवर तिरप्या रेघांची जाळी असते. त्या रेघा कापायला गेलात तर मधला प्रत्येक शंकरपाळ्यासारखा चौकोन निखळणार आणि प्रत्येकाला पूल द्यावे लागणार. इथे बाजू उलटवा: रेघा कागदाच्या राहू द्या आणि चौकोन कापा. पाठ पांढऱ्या ठिकऱ्यांची उमटते, मधल्या रेघा जमिनीच्या रंगाच्या दिसतात. गेरूवर हे फार सुंदर दिसतं. चिन्हाची रेषा कापायची की पोट कापायचं, हा प्रश्न प्रत्येक गुंतागुंतीच्या चिन्हाला विचारावा. कमळालाही पोट कापणं बरं: प्रत्येक पाकळी भरीव, मधल्या शिरा कागदाच्या.

*नागाचं* अंग लांब आहे, त्याला तीन-चार पूल लागतातच. ते वळणाच्या बाहेरच्या टोकांवर टाका. फण्यावरचा दहाचा आकडा मी छापात घालत नाही, चिमटीने काढते.

*तोरणासाठी* एकाच आंब्याच्या पानाचा छाप करा आणि कागदाच्या दोन्ही बाजूंच्या कडेला एकाच उंचीवर बारीक खाच द्या. पहिलं पान उमटलं की त्या खाचांतून जमिनीवर खुणेचा ठिपका सोडायचा, पुढचा छाप त्या ठिपक्याला जुळवायचा. तोरण सरळ रेषेत जातं.

पाळण्यातल्या गौरीचा छाप करू नका. साखळ्या, दोन गौरी, वरचं मखर, सगळं कापता येतं. पण चैत्रांगणाचा तो गाभा आहे आणि तो रोज ताजा हाताने काढावा असं मला ठामपणे वाटतं. बाकीची चिन्हं छापाने पटकन झाली की पाळण्यासाठी वेळ उरतो.

कापताना

प्रिंट, कार्बन आणि पुठ्ठा एकमेकांवर चिकटवून रेषा उतरवा. फिल्म पारदर्शक असेल तर प्रिंट खाली ठेवून थेट मार्करने गिरवा.

आधी पंचची भोकं, मग मधले लहान आकार, शेवटी बाहेरच्या मोठ्या फटी. उलट क्रमाने गेलात तर मधलं बारीक काम करेपर्यंत कागद ढिला झालेला असतो. सुरी एकदाच दाबून ओढण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा फिरवा. वळणावर सुरी स्थिर ठेवून कागद फिरवा. कोपऱ्यात मात्र प्रत्येक काप कोपऱ्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने न्या, म्हणजे सुरी पुढे घसरून पूल कापला जात नाही. धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे. पातं चिकटायला लागलं की पक्कडीने टोकाचा तुकडा मोडा. बोथट पातं जास्त जोर मागतं आणि जखम जोरामुळेच होते. मुलांना या कामात घ्यायचं असेल तर पंचिंग आणि गिरवणं द्या, कटर नको.

एखादा पूल चुकून कापला गेलाच, तर दोन्ही बाजूंनी सेलोटेपची पट्टी लावा आणि फटीवरचा जास्तीचा टेप पुन्हा कापा. जोड मूळ पुलापेक्षा मजबूत होतो.

प्लॅस्टिकला तापलेली सुई किंवा अगरबत्ती लावून भोकं पाडू नका. धूर वाईट असतो आणि कडेला वितळलेला जाड ओघळ राहतो, त्यामुळे छाप जमिनीला टेकत नाही. अगरबत्तीचं तंत्र कागदापुरतंच.

कापून झाल्यावर खालची कड बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. शेवटी समोरासमोरच्या दोन काठांवर टेपची घडी घालून उभे कान करा. छाप सरळ वर उचलायला तेच लागतात.

जाळी लावायची का?

पूल अजिबात नको असतील तर एक मार्ग आहे. छापाच्या खालून मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून चिकटवायची. आतले सुटे तुकडे मग जाळीवर चिकटतात आणि अखंड वर्तुळ मिळतं. पुठ्ठ्याला फेविकॉल चालतो, प्लॅस्टिकला फेविबाँडसारखं रबरी चिकटद्रव्य लागतं. रांगोळी वर पसरून पुठ्ठ्याच्या पट्टीने ओढली की काम होतं.

वेग हवा असेल तर जाळी चांगली. पण तिच्यातून उमटणारी रेषा पातळ, दाणेदार आणि सपाट असते. चिमटीच्या रेषेचा उठाव तिला येत नाही. चैत्रांगणासाठी मी पुलांचा छापच निवडेन.

जमीन आणि रांगोळी

सारवलेल्या अंगणासारखी जमीन छापाला दुसरी नाही. तिचा खरखरीतपणा रांगोळी धरून ठेवतो. फरशीवर रांगोळी घसरते, पंख्याच्या वाऱ्याने हलते. फ्लॅटमध्ये उत्तम उपाय म्हणजे दोन बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी गेरूने लिंपून घेणं. गेरू भिजवताना थोडा डिंक घातला की हाताला लागत नाही. दोन हात द्या, आणि फळी पूर्ण वाळल्याशिवाय छाप ठेवू नका. ओलसर जमिनीवर रांगोळी छापाच्या कडेला चिकटते आणि उचलताना सोबत वर येते.

शिरगोळ्याची (मऊ पांढऱ्या दगडाच्या पुडीची) रांगोळी घ्या आणि चहाच्या गाळणीतून एकदा गाळून घ्या. गाळणीत राहिलेली रवाळ रांगोळी पाळण्याच्या हातरेषेसाठी बाजूला ठेवा, ती चिमटीतून छान सुटते. गाळलेली छापासाठी. अगदी पिठासारखी बारीक असेल तर थोडी जाड मिसळा, नाहीतर ती उडते आणि काठाखाली शिरते.

छाप ठेवला की दोन बोटांनी पूल हलके दाबून पाहा. कुठे वर उचललेला असेल तिथे काठाजवळ नाणं ठेवा. गाळणीत दोन चमचे रांगोळी घ्या आणि एक वीत उंचीवरून गाळणीला बोटाने टिचक्या मारत फिरवा. मूठ उपडी करू नका. फट पांढरी दिसली की थांबा. जाड थर दिला की छाप उचलताना कडा ढासळतात. मग छापावरची जास्तीची रांगोळी ब्रशने फटींपासून बाहेरच्या दिशेने सारून कागदावर घ्या. दोन्ही कान धरा, श्वास रोखा, सरळ वर. तिरका उचललात तर शेवटचं टोक फासतं. प्रत्येक चिन्हानंतर छापाची खालची बाजू झाडा. दुसऱ्यांदा ठेवल्यावर पडणारे डाग तिथूनच येतात.

काठ धूसर आला तर छाप टेकला नव्हता. रेषा तुटक आली तर फट अरुंद आहे, किंवा रांगोळी दमट आहे. चैत्रात हा त्रास सहसा नसतो, पण डबा पावसाळ्यापासून तसाच असेल तर रांगोळी उन्हात पसरून घ्या.

मांडणी

आधी हाताने मधली उभी रेघ बोटाने नुसती जमिनीवर ओढा, रांगोळी न टाकता. तिच्यावर वर तोरण, मग पाळण्याची जागा सोडा, शेवटी तळाशी कासव. जोडीची चिन्हं या रेघेच्या दोन्ही बाजूंना: सूर्य-चंद्र वर, शंख-चक्र आणि गदा-पद्म त्याखाली, झाडं कडेला. आपल्या बाजूने सुरुवात करू नका, पलीकडून सुरू करून मागे या. नाहीतर पदर किंवा ओढणी झालेल्या कामावरून फिरते. पावलं गौरीकडे जाणारी, दाराकडे नाही.

सगळे छाप झाले की चिमटीने पुलांच्या फटी भरा. सगळ्या भरू नका. स्वस्तिकाच्या आणि वृंदावनाच्या भरा, सूर्याच्या तशाच राहू द्या. मग पाळणा आणि गौर हाताने. शेवटी चिन्हांवर हळदीकुंकू वाहा, तेही चिमटीनेच.

काम संपल्यावर बिनटेपच्या पुठ्ठ्याचे छाप कोरड्या, टेप लावलेले आणि प्लॅस्टिकचे ओल्या फडक्याने पुसा आणि मोठ्या वहीच्या पानांत सपाट ठेवा. गुंडाळले की पुढच्या चैत्रात ते टेकत नाहीत. प्रत्येकावर चिन्हाचं नाव आणि ज्यांच्या हाताची रेषा आहे त्यांचं नाव लिहा. मूळ प्रिंट वेगळ्या पाकिटात जपा. फाटलेला छाप त्यावरून पुन्हा कापता येतो, आणि पुढच्या वर्षी यादीत करंडा किंवा आरसा वाढवायचा झाला तर मापही तिथूनच मिळतं.